चाळीस डबे पाणी

११ फेब्रुवारी १९४७

आज जहाज परत गेलं. मागं राहिलो आम्ही सहा माणसं आणि चौदा कुत्री. जहाज आता पुढच्या सालच्या जानेवारीत येणार. हा पृथ्वीचा दक्षिणेकडचा शेवट. ह्याच्या खाली काही नाही, सगळा बर्फच.

मी अजिबात भ्यालो नाही. जहाज दिसेनासं होईतो डोळ्याला पाणी येत होतं ते वाऱ्यानं.

कर्नल हॅलम साहेबाचा हुकूम आहे की प्रत्येकानं डायरी लिहायची. मोठ्या सफरीवरची मोठी माणसं लिहितात. मी मराठी चौथीत दोनदा बसलोय, तेव्हा लिहिण्याची सवय मला इतरांपेक्षा जास्तच. शाई गोठते म्हणून पेन्सिल. ही वही कोणी वाचायची नाही.

माझा हुद्दा: साहेबाचा उजवा हात. इटलीच्या लढाईत साहेबाच्या पलटणीत मी खेचरं सांभाळायचो. एकदा डोंगरावर बर्फ पडत होता आणि मी माणदेशी घोंगडं पांघरून रात्रभर एका जागी बसलो. हललो नाही. साहेबानं ते बघितलं. लढाई संपल्यावर स्वतःच्या पैशानं ही सफर काढली तेव्हा दहिवडीच्या पोष्टात त्याचं पत्र आलं, की तो न हलणारा माणूस मला पाहिजे. (तोफांच्या आवाजानं माझे पाय गेले होते. ते साहेबाला सांगायचं कारण नाही.)

निघताना नाथाजी मामा चारचौघांत म्हणाला, "ह्यो कुटला बर्फ तुडवतोय? पाण्याच्या पाळीला हिरीवर धाडला तर रिकामा डबा घिऊन येतोय." बघू मामा. परत येऊ दे मला.

१२ फेब्रुवारी

कालच्या हुद्द्यात थोडी दुरुस्ती. साहेबाचा उजवा हात म्हणजे डॉक्टर साहेब. डावा हात नकाशावाला. कान म्हणजे वायरलेसवाला. मी आणि तवनाप्पा कशात मोडतो ते अजून ठरायचं आहे.

तवनाप्पा सांगलीकडचा जैन. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला आण्णा म्हणतो. बापाचं तेलाचं दुकान. लढाईत हा रेशनच्या गोदामावर होता, इथंही सगळं सामान त्याच्या ताब्यात. मांस खात नाही. सूर्य बुडाल्यावर खात नाही. पाणी मलमलीच्या फडक्यातून गाळल्याशिवाय पीत नाही. इथं बर्फ वितळवून पाणी करतात, तर तेही गाळतो. मी विचारलं, आण्णा, ह्या बर्फात कुटला जीव असतोय? तर म्हणाला, "तुझा हात बुडालाय की त्यात."

माणूस किरकिऱ्या आहे. त्याला सांभाळून घ्यावं लागणार मला.

२० फेब्रुवारी

कुत्र्यांची गाडी हाकायचं काम मागून घेतलं. आमच्या घरी तीन पिढ्या मेंढरं. कुत्रं मला ओळखतं. आठ दिवसांत चौदाही कुत्री माझ्या आवाजावर चालतील असं साहेबाला सांगितलं.

संध्याकाळी ५ वाजता. कुत्री माझ्या आवाजावर चालली. थांबली नाहीत. गाडी पुढं आणि मी दोरीला धरून पोटावर मागं, असे दोन फर्लांग गेलो. उजव्या पायाचा बूट सापडला नाही. ही कुत्री इंग्लिश आहेत, त्यांना आपली हाळी कळत नाही. दोष माझा नाही.

३ मार्च

नवीन पोष्ट मिळाली. वॉटर इनचार्ज. रोज सकाळी फावड्यानं बर्फ तोडायचा, स्टोवर पातेल्यात वितळवायचा, सहा माणसांना पुरेल एवढं पाणी करायचं. साहेब म्हणाला, तू पाण्याच्या मुलखातला नाहीस, तुला त्याची किंमत माहीत आहे. साहेबाला माणूस कळतो.

आणि काय सांगू. आमच्याकडं चैतात विहिरीच्या तळाला उतरायचं, झऱ्यापाशी वाटी लावायची, एक डबा भरायला तास. इथं दाराबाहेर पाय टाकला की आभाळाला भिडेतोवर नुसतं पाणी. मालक कोण नाही. पाळी नाही. मामाला इथं आणून उभा करावा.

दुसरी गोष्ट. साहेब लोक घासलेटचे रिकामे डबे फेकून देत होते! चांगले चार गॅलनचे, कडी लावलेले. आमच्याकडं असा डबा रुखवतात मांडतील. मी सगळे गोळा करून झोपडीमागं ओळीनं लावलेत. काहीतरी उपयोग होईलच.

२२ एप्रिल

वाईट बातमी. जेवताना नकाशावाल्यानं कागदावर गोल काढून दाखवलं. मे महिन्याच्या तीस तारखेला सूर्य बुडणार तो जुलैच्या बाराला उगवणार. त्रेचाळीस दिवस.

मी हसलो. बाकी कोणी हसलं नाही.

मग विचारलं, उगवणार हे नक्की कशावरून? नकाशावाला म्हणाला, हिशेबानं. चौथीतले माझे हिशेब आठवले.

रात्री झोप नाही. बाहेर बर्फ तडकतो तो बंदुकीसारखा वाजतो. मी भीत नाही, पण प्रत्येक बार मोजतो. आज एकतीस.

२३ एप्रिल

रात्रभर जागून एक गोष्ट सुचली जी ह्या शिकलेल्या लोकांच्या डोक्यात आलेली नाही.

आमच्या आईचा नेम आहे. दिवेलागणीनंतर विहिरीवर जायचं नाही आणि सूर्य बुडताना घरात रिकामं भांडं ठेवायचं नाही. रात्रीचं पाणी दिवसाच भरून ठेवायचं. आता इथली रात्र किती? त्रेचाळीस दिवस. म्हणजे त्रेचाळीस दिवसांचं पाणी तीस मेच्या आत भरून ठेवायला पाहिजे. रिकामे डबे माझ्याकडं आहेतच!

कोणाला बोलायचं नाही. अंधार पडला, सगळे पाण्यासाठी कासावीस झाले, की मी म्हणणार, साहेब, जरा झोपडीमागं चला. नाथाजी मामाला हे कोणीतरी पत्रानं कळवायला हवं होतं.

२ मे

अकरा डबे भरले. पहाटे सगळे झोपेत असताना स्टो पेटवतो. तवनाप्पा एकदा जागा झाला, म्हणाला, "काय रं, येवढ्या पहाटं काय शिजवतोस?" म्हटलं, पाणीच की आण्णा. खोटं बोललो नाही.

४ मे

अडचण. भरलेले डबे सकाळपर्यंत गोठतात. डब्यांची पोटं गाभण मेंढीसारखी फुगली आहेत. मग विचार केला, गोठलं तर गोठलं. बर्फ म्हणजे पाणीच. नासत तर नाही. पुढं चालू.

१८ मे

चाळीस! चाळीस डबे काठोकाठ. सगळे ओळीनं. शेवटचा डबा ठेवला आणि सूर्याला हात जोडले. तो दुपारीच बुडायला निघाला होता.

१९ मे

घात झाला.

आज साहेबानं हुकूम केला की अंधार पडायच्या आत झोपडीभोवतीचे सगळे डबे बर्फात खोदलेल्या खोलीत न्यायचे. ही खोली झोपडीपासून पन्नास पावलांवर. आगीच्या भीतीनं घासलेट घरापासून लांब ठेवतात. मी धावपळ केली, पण नकाशावाला आणि वायरलेसवाला दोघं सुटले होते. उचल डबा, टाक आत. उचल डबा, टाक आत. माझे चाळीस आणि घासलेटचे, सगळे एका राशीला गेले. घासलेटचे डबेही जहाजातल्या आदळआपटीनं वाकडेतिकडे झालेले, त्यामुळं वरून सगळे सारखे. वजनालाही फारसा फरक नाही. बर्फानं माखून पांढरे.

वाटलं, आताच सांगून टाकू, कौतुकच होईल. तेवढ्यात जेवायला बसल्यावर साहेब उभा राहिला आणि बोलला. म्हणाला, ह्या हिवाळ्यात आपला जीव म्हणजे घासलेट. शेगडी विझली की एका रात्रीत सहाही माणसं लाकडासारखी होतील. सगळ्यात जास्त घासलेट खातं ते बर्फ वितळवणं. म्हणून गरजेपुरतंच पाणी. एक लोटासुद्धा जास्त नाही.

आणि माझ्याकडं बघून म्हणाला, ज्ञानू आहे म्हणून मला ह्या बाबतीत काळजी नाही.

मी मान डोलावली. ती अजून डोलतेय.

२० मे

म्हणजे मी घासलेट जाळून बर्फाचं पाणी केलं आणि पाण्याचा परत बर्फ केला. हे आज पातेल्यापाशी बसल्यावर एकदम कळलं.

ठराव: उद्या सकाळी साहेबाला सांगणार.

२१ मे

साहेबाचं डोकं दुखत होतं.

२२ मे

डोकं दुखायचं थांबलं, पण दाढ दुखायला लागली. दुखणाऱ्या माणसाला त्रास देऊ नये.

२६ मे

रात्री उठून खोलीत जायचं, माझे चाळीस वेगळे काढायचे आणि खुणा करायच्या असं ठरवलं. दार उघडलं. बाहेर काळोखात काहीतरी उभं होतं. दार लावलं. सकाळी बघितलं तर फावडं. ते मीच रोवलं होतं.

सुदैवानं खोलीतून घासलेट आणायचं काम तवनाप्पा कोणाला देत नाही. स्वतः जातो, स्वतः आणतो. आतापर्यंत प्रत्येक वेळी घासलेटच निघालं. नशीब माझ्या बाजूनं आहे. किती दिवस ते माहीत नाही.

३० मे

दुपारी बारा वाजता सूर्याची लाल कड दिसली. बोटभर. मग नाही.

सगळे बाहेर उभे होते. मी तवनाप्पाला म्हटलं, आण्णा, आता तुमी जेवणार कवा? सूर्य बुडाल्यावर तर तुमी खात न्हाईसा. त्रेचाळीस दिवस उपास? तो म्हणाला, "घड्याळ हाय की. सांगलीत सूर्य असंल तवर जेवायचं." मग जरा थांबून म्हणाला, "एकदाच जेवीन म्हणतो. दुपारचं."

धर्म फार कडक आहे ह्यांचा. मी तर घाबरलो की जास्त खातो.

९ जून

तवनाप्पा दिवसाकाठी एकदा जेवतो ते पण थंड. भिजवलेल्या डाळी, बिस्किटं. तापवून देतो म्हटलं तर नको. त्याच्या कोपऱ्यातला कंदीलही विझवून बसतो. उजेडात काय पाप आहे? विचारलं तर हसला.

आणखी एक वेड. त्याचं पाणी गाळायचं फडकं रोज चिंधीचिंधीनं लहान होतंय. मी विचारलं, उंदीर लागलेत का? इथं उंदीर नाहीत म्हणाला. ते मलाही माहीत आहे. एकांतानं माणसाचं डोकं फिरतं असं डॉक्टर साहेब म्हणतो. मी नजर ठेवून आहे.

तो दर रविवारी साहेबाला शिल्लक डब्यांचा आकडा इंग्रजीत सांगतो. मला इंग्रजी आकडे वीसच्या पुढं येत नाहीत. तो माझे चाळीस धरून सांगत असणार. साहेब ऐकतो, मान हलवतो. माझ्या छातीत डबा पडल्यासारखा आवाज होतो.

ठराव: रविवारी नक्की सांगणार.

१५ जून

रविवार होता. सांगणार होतो. साहेबानं मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली, गेल्या आठवड्यात पाणी मोजकंच केलं म्हणून. तोंड उघडलं होतं ते चहा पिऊन मिटलं.

२१ जून

आज रात्रीचा मधला दिवस. आजपासून सूर्य आपल्याकडं यायला निघाला म्हणतात. साहेब लोकांनी गाणी म्हटली. मला म्हण म्हणाले. मेंढरं परत बोलवायची आमची हाळी दिली. कुत्री बाहेर रडायला लागली. मग मलाही रडू आलं. डॉक्टर साहेब म्हणाला, किती भावनेनं म्हटलंस.

भावना नव्हती. हाळी देताना एकदम मनात आलं, की एक दिवस तवनाप्पा डबा आणणार, उघडणार, आणि त्यात माझा बर्फ निघणार. मग दुसरा. मग तिसरा.

१ जुलै

वारा सुटलाय. झोपडी दातासारखी हलते. तवनाप्पा तापानं आडवा. डॉक्टर साहेब म्हणाला, अशक्तपणा आहे, हा माणूस नीट खात नाही.

दुपारी शेगडीतलं तेल संपत आलं. साहेब म्हणाला, वारा वाढायच्या आत दोन डबे आणून ठेव. तवनाप्पा उठून बसला, म्हणाला, "मी जातो. त्येला नगं." साहेबानं त्याला परत निजवलं.

मी गेलो. खोलीत पाय ठेवला, समोरचे दोन उचलले, पळत आलो. आत अंधार लय. शिवाय मला वाटलं चाळीस माझे आणि जास्त घासलेटचे, म्हणजे नशीब घासलेटचंच.

२ जुलै

पहाटे ४ वाजता पहिला डबा उघडला. बर्फ.

मी म्हणालो, थंडीनं घासलेट गोठलं असेल. डॉक्टर साहेबानं बोट लावून चाटलं आणि म्हणाला, हे पाणी आहे.

दुसरा उघडला.

त्यातही बर्फ. शेगडी निळी झाली होती. साहेबानं दोन्ही डब्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी वर छताकडं बघत होतो, छताला काही झालंय का म्हणून.

वारा असा की दार उघडायला तिघं लागले. पन्नास पावलं.

मी स्वतःहून पुढं झालो. (माझ्या कमरेला दोर आधीच बांधला होता.) साहेब दोराची गाठ आवळताना मराठीत म्हणाला, "ज्ञानू, इटलीत तू हालला नाही. आता हाल."

३ जुलै

डाव्या हाताला पट्टी आहे. उजव्यानं लिहितो. जे झालं ते तसंच लिहितो, कारण दुसऱ्याला सांगायचं नाही.

झोपडीपासून खोलीपर्यंत एक दोर ताणून बांधलेला आहे. तो धरून गुडघ्यावर गेलो. उभं राहिलं की वारा उचलतो. पन्नास पावलांना किती वेळ लागला माहीत नाही. वाटेत मी देवाला, आईला, नाथाजी मामाला आणि इंग्लंडच्या राजालासुद्धा हाका मारल्या. घोंगडं डोक्यावरून घट्ट. साहेबाच्या रबरी कोटाच्या आत घोंगडं होतं म्हणून आज लिहितोय.

खोलीत कंदील विझला. काडी ओढली, विझली. तिसरी, चौथी. मग काड्या सांडल्या. हातमोजे काढल्याशिवाय डबा कळेना, म्हणून डाव्या हाताचा मोजा काढला. एक डबा हलवला. मुका. दुसरा मुका. नऊ डबे हलवले, नऊही मुके. सगळे माझेच. मी भरले होते, काठोकाठ, एक थेंब जागा सोडली नव्हती. आईनं शिकवलं होतं तसं. तिकडं झोपडीत पाच माणसं माझ्यामुळं लाकूड होणार, आणि मी इथं पाण्याच्या राशीत.

दहाव्या डब्याच्या कडीला हाताला काहीतरी मऊ लागलं. चिंधी. गाठ मारलेली. हलवला.

डुबुक.

पुढचा चाचपला. चिंधी. डुबुक. त्याच्या पुढचा. चिंधी. डुबुक. चिंधी नाकाला लावली. मलमल. तवनाप्पाचं पाणी गाळायचं फडकं.

मी तिथंच खाली बसलो. रडत होतो, पण पापण्या चिकटायला लागल्या म्हणून थांबलो.

चिंधीवाले दोन डबे कमरेच्या दोराला बांधून ओढत आणले. शेगडी पेटली. साहेबानं माझ्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टर साहेबानं माझी करंगळी बघितली आणि तोंड वाकडं केलं.

४ जुलै

करंगळीचं टोक गेलं. डॉक्टरनं कापलं. मी ओरडलो नाही. (वारा मोठा होता, म्हणून ऐकू गेलं नसेल.)

तवनाप्पाशेजारी जाऊन बसलो. विचारलं, आण्णा, तुमाला कवापास्नं म्हाईत? म्हणाला, "पैल्या दिसापास्नं. डबा घ्यायच्या आदी हलवायचा, ह्ये बापानं दुकानात पाचव्या वर्साला शिकवलं. तेलात पाणी घालणारी लय बघितली रं गड्या. तेल जाळून पाणी भरणारा तूच पैला."

मी म्हटलं, मग बोलला का न्हाई? तो म्हणाला, "तू सांगचील म्हणून वाट बघत हुतो. दीड म्हयना झाला."

मग मी विचारलं, साहेबाला आकडा कुठला सांगत होता? म्हणाला, खराच, चिंधीवाले तेवढेच. पण बर्फ वितळवण्यात चार डबे घासलेट खरंच जळालं होतं. ते चार कुठून काढायचे? म्हणाला, साहेबाची शेगडी बंद करू काय? "माज्या ताटातनं काढलं. एकदा जेवलो, थंड जेवलो, कंदील लावला न्हाई."

मी म्हटलं, आण्णा, मला वाटलं तुमचा धर्म हाय त्यो.

तो कुशीवर वळला. म्हणाला, "मग दुसरं काय हाय?"

ठराव: उद्यापासून माझं अर्धं जेवण तवनाप्पाला. आणि साहेबाला सगळं सांगणार, शेवटचं.

५ जुलै

अर्धं जेवण नेलं. त्यानं घेतलं नाही. डब्यातलं मटण होतं. माझ्या लक्षात आलं नाही.

१२ जुलै

पहाटेपासून खिचडी पेटत्या शेगडीवर ठेवून बसलो. गरम, तूप घालून. तवनाप्पाला धरून दाराबाहेर पेटीवर बसवलं. ११ वाजून ५० मिनिटांनी डोंगराच्या फटीतून नखाएवढा सूर्य निघाला. मी ओरडलो, आण्णा, जेवा, जेवा, बुडायच्या आत! तो जेवला. सूर्य पंधरा मिनिटं होता. ताट पुसून काढलं त्यानं. हिशेबानंच उगवला, नकाशावाला बरोबर होता.

साहेबाला आज सांगणार होतो. पण तो सूर्य बघून इतका खूश होता की खुशीतल्या माणसाला वाईट सांगू नये असं वाटलं.

१५ ऑगस्ट

काल रात्री वायरलेसवर बातमी आली, आपलं राज्य झालं. साहेबानं मला आणि तवनाप्पाला हात दिला. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी साहेबाला सांगितलं की आता मी स्वतंत्र देशाचा माणूस, तुमचं पाणी भरणार नाही. राजीनामा. साहेब म्हणाला, मंजूर.

दुपारी बाहेर जाऊन उभा राहिलो. चारी बाजूला बर्फ. कुठं जायचं ते कळेना. थंडी फार होती. तीन वाजता राजीनामा परत घेतला. तवनाप्पा म्हणाला, "सोराज्यात पण पाणी भरायला लागतंयच की रं."

६ फेब्रुवारी १९४८

जहाज आलं. बारा दिवस उशिरा. बर्फात अडकलं होतं. ते बारा दिवस आम्ही झोपेच्या पिशव्यांत पडून काढले. शेवटच्या चिंधीवाल्या डब्यात चार बोटं घासलेट उरलं होतं. साहेबानं तो डबा हलवून बघितला आणि तवनाप्पाकडं बघितलं. तवनाप्पा दुसरीकडं बघत होता.

खलाशी खोलीतले माझे चाळीस जहाजावर चढवायला निघाले, भरलेले आहेत म्हणून. साहेब म्हणाला, राहू देत, पुढच्या माणसांना उपयोगी पडतील. हसला मात्र नाही. मी मनात म्हटलं, त्याला कळलेलं नाही.

मला साहेबानं हातानं लिहिलेली चिठ्ठी दिली. इंग्रजीत, लाखेनं बंद केलेली. शिफारस. तवनाप्पाला पण दिली, पण माझी लांब आहे.

२३ मार्च

सांगलीच्या स्टेशनावर तवनाप्पा उतरला. त्याची बायको राजमती आली होती. मी त्याला एक मलमलीचं नवं फडकं दिलं, मुंबईत घेतलेलं. तो म्हणाला, "आता चिंध्या करू नगं म्हणजे झालं." पाया पडलो तर मागं सरला. मग मलाच मिठी मारली.

साहेबाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. आता त्याचा पत्ता पण नाही.

११ एप्रिल १९४८

तीन वर्षं पाऊस नाही म्हणून गाव अर्धं मुंबईला गेलंय. जे आहेत ते आज देवळापुढं जमवले. नानासो मास्तरांना चिठ्ठी वाचायला दिली. मी पुढं उभा. घोंगडं अंगावर. करंगळी दिसेल अशी.

मास्तरांनी आधी मनात वाचली. मग माझ्याकडं बघितलं. म्हणाले, ज्ञानू, मोठ्यानं वाचू? म्हटलं, वाचा की, मामाला ऐकू जाईल असं. त्यांनी मराठी करून वाचलं:

हा माणूस आमच्या सफरीत पाणी भरत होता. ह्याच्याइतकं पाणी त्या मुलखात कोणी भरलं नाही आणि पुढं भरणार नाही. घासलेट ह्याच्या हाती देऊ नये. धीट आहे. आधी ढकलावा लागतो.

मास्तरांनी चिठ्ठीची घडी घालून परत दिली. मग मी बर्फाचं सांगायला लागलो. आभाळाला भिडेतोवर पाणी, मालक नाही, पाळी नाही. नाथाजी मामानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "आन् येवढं पाणी हुतं, तर यक डबा तरी आनायचा न्हाईस व्हय रं?"

हसण्यात आईचा आवाज सगळ्यात मोठा होता. मग तिनं घासलेटचा डबा आणून माझ्या हातात दिला. म्हणाली, पाळी आपली हाय, सूर्य कासराभर वर हाय तवर जाऊन ये.

गेलो. पुढं अकरा माणसं. माझी पाळी येईतो अंधार पडला आणि झरा बसला. वाटी कोरडी निघाली. रिकामा डबा घेऊन आलो.

दारात मामा बसला होता. माझ्या हातातला डबा घेतला आणि नुसता हलवून बघितला.